मागची शिवण

गल्लीच्या टोकाला, औषधाच्या दुकानाला लागून जी दहा बाय बाराची खोली आहे, तिच्या दारावर एक पत्र्याची पाटी आहे. 'फक्त बायकांचे कपडे शिवून मिळतील.' बाकीची अक्षरं उन्हानं विटली, पण 'फक्त' अजून ठसठशीत आहे, कारण ते मागाहून घातलेलं आहे. आणि 'बायकांचे'च्या पुढं काहीतरी खोडून त्यावर रंग फासलाय, तोही नीट नाही.

आत मशीनवर बसते ती मास्तरीण. शाळेशी तिचा संबंध चौथीतच संपला. पण कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. वय एकाहत्तर, तोंड फटकळ, हात कसबी. एखादी बाई दारातून आत आली की मास्तरीण मान वर न करता म्हणते, "कंबर दीड इंचानं वाढलीय, उगाच पोट आत ओढू नकोस." टेप ती नंतर लावते, आणि तोही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तिची नजर चुकल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. एकदाही चुकली नाही, हेच तिचं दुखणं आहे. पण ते पुढं येईल.

कपाटात मापांच्या नऊ वह्या आहेत. एकेका गिऱ्हाइकाला एकेक पान. बायकांची पानं बघत राहावीत अशी. सोळाव्या वर्षीचं माप, मग लग्नातल्या कपड्यांचं, बाळंतपणानंतरचं, पन्नाशीतलं, सत्तरीतलं. पान भरलं की खाली चिठ्ठी जोडायची, चिठ्ठी भरली की तिला दुसरी. पुरुषांची वही एकच, त्यांचंही शिवत होती तेव्हाची. तिच्यातली बहुतेक पानं अर्धी कोरी आहेत. माप वयाच्या पन्नास-पंचावन्नला येतं आणि थांबतं. त्याच पुरुषांच्या बायका मात्र अजून खुर्चीत बसून गळा गोल ठेवावा की चौकोनी यावर तासभर घोळ घालतात. एकट्या या गल्लीत नवरा गेलेल्या चौदा बायका आहेत आणि बायको गेलेला पुरुष एक. त्या एकाचंही काही खरं नाही, असं मास्तरीण म्हणते.

"असं का हो होतं?" तिनं एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या, चाळीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या आणि आता घरीच सकाळ-संध्याकाळ पेशंट बघणाऱ्या. ब्लाउज टाकायला आल्या होत्या.

"तुझ्याच धंद्यातलं सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्या ब्लाउजला आत माया किती ठेवतेस?"

"दीड इंच. दोन्ही अंगांना."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग सुटलं तर शिवण उसवायची आणि माया सोडायची, कपडा पुन्हा बसतो.

"आणि पुरुषाच्या शर्टाला?"

"शर्टाला कसली माया! पँटीला असते तेवढीच, मागच्या शिवणीत."

"शरीराचंही बरंचसं तसंच आहे. बाईच्या पेशीत एक धागा असतो, गुणसूत्र म्हणतात त्याला, आणि त्याची जोडी असते. एकात खोट निघाली तर दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाच्यात तो एकटाच, त्याची दुसरी प्रत नाही. शिवाय पाळी चालू असते तोवर बाईच्या हृदयाला आतून राखण मिळते, असंही आम्ही मानतो. त्यात पुरुषांची कामं जिवावरची, व्यसनं आणखी वर." बाईंनी चष्मा काढून पदरानं नव्हे, मास्तरणीच्याच एका चिंधीनं पुसला. "पण ते झालं पुस्तकातलं. दारात बसून मी जे पाहिलं ते वेगळं आहे. बाई दवाखान्यात चालत येते. कधी पोटातल्या बाळासाठी येते, कधी काखेतल्या पोरासाठी, पण तिला दार माहीत असतं. पुरुष येतो तो दुसऱ्याच्या खांद्यावर. दुखणं अंगावर काढतात गं. आणि घरातले काढू देतात."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. मास्तरणीच्या बोटात मात्र सुई खोल गेली आणि ब्लाउजच्या अस्तरावर रक्ताचा ठिपका पडला. तो धुऊनही पुरता गेला नाही.

मास्तरणीचा नवरा वेल्डर होता. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फाटकं. दिवसभर ठिणग्यांत आणि धुरात. डोळ्यांना काळा चष्मा, नाकाला काही नाही, कारण फडकं बांधलं की सोबतचे हसायचे. पण संध्याकाळी त्याचं रूप पालटायचं. अंघोळ, पांढरा शर्ट, करड्या रंगाची पँट, आणि साडेपाचच्या ठोक्याला दुकानातल्या उभ्या आरशापुढं हजर. आधी खाकरायचा, मग विचारायचा, "काय गं, बसलंय ना बरोबर?"

"अगदी मापात," ती म्हणायची. मग तो कोपऱ्यावर मित्रांत जाऊन उभा राहायचा. अंगावर बसलेला कपडा हा त्याचा एकुलता एक शौक. बायको मास्तरीण असल्याचा तोरा तो गल्लीभर मिरवायचा.

डॉक्टरचं त्याला वावडं होतं. "डॉक्टरचं तोंड बघितलं की रोग अंगात शिरतो," असं म्हणायचा. त्याचा बाप सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला होता, थोरला भाऊ एकावन्नाव्या. "आमच्यात पुरुष असेच जातात, एका झटक्यात. खाटेवर पडून कण्हत बसणं आमच्या घराण्यात नाही." हेही तो अभिमानानं सांगायचा, जणू काही बक्षीस मिळालंय.

सत्तेचाळीस पूर्ण झाली त्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी आरशापुढं उभा राहिला आणि नेहमीसारखं खाकरायच्या आधीच थांबला. त्यानं पँटीच्या कमरेत बोट घातलं. मग मूठ घातली. अख्खी मूठ आत गेली. मास्तरीण मशीनवरून बघत होती. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या तोंडावर भीती तिनं पहिल्यांदाच पाहिली. त्या संध्याकाळी तो कोपऱ्यावर गेला नाही. जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं ती पँट उलटी केली, मागची शिवण बोटभर आत घेतली, टीप मारली आणि कडक इस्त्री करून खुंटीला लावली. बाकीच्या दोन पँटींचंही तेच केलं. संध्याकाळी त्यानं पँट चढवली, आरशात बघितलं, पुन्हा बघितलं.

"काय गं? काल सैल वाटत होती."

"काल धुतलेली होती, ताणली असेल. अगदी मापात आहे की."

तो हसला. त्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला. आणि मास्तरणीला वाटलं, आपल्याला औषध सापडलं.

तिला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. टेपला मन राखता येत नाही. तिनं रविवारी सांगायचं ठरवलं होतं. पण रविवारी तो खुशीत होता, लेकाशी हसत होता, मग पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारच्या आत पँट पुन्हा सैल झाली. आठ महिन्यांत तिनं ती चार वेळा आत घेतली. शर्टांच्या बगला घेतल्या, कॉलरचं बटण सरकवलं. पट्टा बकलाच्या बाजूनं कापून पुन्हा जोडला, म्हणजे तो रोज त्याच भोकात बसायला नको का? चौथ्या वेळी पँटीचे मागचे दोन खिसे जवळजवळ एकमेकांना लागले. पण माणसाला आपली पाठ थोडीच दिसते. तो रोज साडेपाचला विचारायचा, ती रोज सांगायची. अगदी मापात.

एका दुपारी जिन्याच्या कठड्याचं काम करता करता तो खाली बसला तो उठलाच नाही. चौघांनी उचलून इस्पितळात नेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, डोळे बघितले आणि विचारलं, "वजन बरंच उतरलेलं दिसतंय. किती दिवस झाले? कपडे सैल झाले असतील ना?"

"नाही हो डॉक्टर," वेल्डर म्हणाला. "हिला विचारा. ही स्वतः मास्तरीण आहे. कपडे अजून अगदी मापात बसतात." आणि त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

तिनं मान हलवली. हो म्हणून.

अठराव्या दिवशी तो गेला. पोटातलं दुखणं वर्षभराचं होतं, वेळेवर आले असते तर काहीतरी करता आलं असतं, असं तो तरुण डॉक्टर दाराशी कुणाला तरी सांगत होता. घरी जमलेले लोक दुसरंच बोलत होते. "परवापर्यंत कसा ठणठणीत होता हो! काय तो शर्ट, काय ती पँट! राजासारखा गेला." वीस वर्षांचा लेक भिंतीला टेकून हे ऐकत होता आणि मान डोलवत होता. त्याला तेवढाच आधार होता. मास्तरीण आतल्या खोलीत बसून होती. तिला रडू येत नव्हतं, आणि बायका म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला.

महिन्याभरानं ती स्टुलावर चढली आणि पाटी बदलली. गल्लीला वाटलं, दुःखानं केलं. मास्तरणीला पुरुषाच्या कपड्याला हात लावायची भीती वाटत होती.

साडेपाचला खाकरण्याचा आवाज पहिल्या आठवड्यातच सुरू झाला. आधी तिला वाटलं, बाहेरून कुणी गेलं असेल. मग आवाज आरशापासून येतो हे कळलं. खाकरणं, आणि त्यामागून अगदी नेहमीच्या सुरात, "काय गं, बसलंय ना बरोबर?" तिनं आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. आवाज आरशाच्या पाठीमागून यायला लागला. गिऱ्हाइकांना आरसा लागतोच, म्हणून पुन्हा सरळ केला. त्या वेळी मशीन जोरात चालवून पाहिली, पण मशीनच्या आवाजात शब्द उलट स्वच्छ ऐकू यायचे. ती उत्तर देत नसे. काय देणार? एकच उत्तर तिला तोंडपाठ होतं, आणि ते आता जिभेवर येत नव्हतं. एक गोष्ट तर तिनं स्वतःलाही कधी मोठ्यानं विचारली नाही. डॉक्टरसमोर त्यानं मान वळवून बघितलं ते विश्वासानं, की त्याला सगळं माहीत होतं?

आणि नजर तिला सोडत नव्हती. रस्त्यानं पुरुष चालला की तिचे डोळे आधी त्याच्या कमरेवर जायचे. कुणाची कॉलर मानेपासून सुटलीय, कुणाच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय, कुणाचा कोट खांद्यावरून उतरलाय. तिला महिने आधी कळायचं. एकदा तिनं धीर करून पाववाल्याच्या बायकोला म्हटलं, "तुमच्या ह्यांचा कोट सैल झालाय हो."

"हो ना!" पाववालीण म्हणाली. "मग तेवढा आत घेऊन देता का? तुम्ही पुरुषांचं करत नाही, माहितीय, पण ओळखीत म्हणून."

मास्तरणीनं कोट घेतला नाही, पण पुढं बोलायचीही तिची छाती झाली नाही. पाववालीण आता दर महिन्याला ब्लाउज टाकायला येते, एकटी.

अशी सव्वीस वर्षं गेली.

लेक आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे. सहा फूट उंच, म्हणून गल्ली त्याला लंबू म्हणते, आणि आईही तेच म्हणते. लिफ्ट दुरुस्त करतो. स्वभावानं बापाचा छापा. लग्न झालं, बायको आली. ती सूनबाई घरात मुंगीसारखी, सतत काहीतरी करत असलेली. दुकानात मास्तरणीशेजारी तिची दुसरी मशीन लागली. मास्तरणीनं तिला सगळं शिकवलं, स्वतःची गाठसुद्धा. शिवणीच्या शेवटी तीन टाके उलटे घ्यायचे आणि मग दोरा हातानं ओढून आत एक चपटी गाठ मारायची. जन्मभर सुटत नाही. ही गाठ या दोघींशिवाय कुणाला येत नाही.

लंबूला बापाचं कौतुक फार. मित्र आले की सांगणार, "आमचे बाबा शेवटच्या दिवसापर्यंत फिट. कपडा अंगावर असा बसायचा! माणसानं जावं तर तसं." मास्तरीण त्या वेळी उठून आत जाते.

मागच्या वर्षी एका सकाळी लंबू हत्यारांची पिशवी घेऊन कामावर निघाला. मास्तरीण दुकान उघडत होती. तो पाठमोरा गल्लीतून चालला होता आणि तिची नजर सवयीनं कमरेवर गेली. कमर ठीक होती. पँट छान बसली होती. पण मागचे दोन खिसे जवळ आले होते.

दुकान अर्धं उघडं टाकून ती तशीच घरात गेली, मागच्या दोरीवर त्याची धुतलेली पँट होती ती काढली, उलटी केली. मागच्या शिवणीत टिपेच्या आत टीप. दोन वेळा आत घेतलेली. शेवटाला तीन टाके उलटे, आणि चपटी गाठ.

क्षणभर तिला कळेना आपण कुठल्या वर्षात आहोत. ही गाठ आपली. ही टीप आपली. आपणच घेतलीय ही पँट आत, कधी घेतली? तिनं धावत जाऊन ट्रंक उघडली. तळाशी वेल्डरची करडी पँट होती, घडीवर घडी, सव्वीस वर्षांपूर्वी ठेवली तशी. मग हातातली कुणाची? आणि तेव्हा तिला समजलं, आणि ती ट्रंकेच्या कडेला धरून खाली बसली.

सूनबाई दोऱ्याची रिळं घेऊन आली तेव्हा मास्तरीण तशीच बसलेली होती. मांडीवर दोन पँटी.

"हे तू केलंस?"

सूनबाईचं तोंड उतरलं. "त्यांना सांगू नका आई. त्यांना माहीत नाही."

"किती दिवस?"

"झाले चार-पाच महिने. एक दिवस पँट घातली आणि कमरेत हात घालून नुसते उभे राहिले. दिवसभर तोंड काळवंडलेलं. मला बघवेना हो. म्हटलं एवढ्याशा गोष्टीनं माणूस खचतो, तर आपल्या हातात आहे तेवढं करावं. आत घेतली तर केवढे खूश झाले! म्हणाले, मला उगाच भास झाला." तिचे डोळे भरून आले. "कामाचा ताण आहे. जिने चढून चढून होतं असं. होतं ना?"

सव्वीस वर्षांपूर्वीची बाई मास्तरणीपुढं उभी होती, तिचीच वाक्यं घेऊन. ओरडावं असं तिला वाटलं, आणि कुणावर ओरडावं ते कळलं नाही. तिनं करडी पँट उलटी करून सुनेपुढं धरली.

"टिपा मोज."

सूनबाईनं बोट फिरवलं. "एक. दोन. तीन." मग बोट थांबलं. "चार." तिनं वर बघितलं. "ही कुणाची?"

"त्याच्या बापाची. शेवटच्या दिवसापर्यंत फिट होता ना तो."

सूनबाईचं बोट चौथ्या टिपेवरच होतं. बाहेर औषधाच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर केलं.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तरणीनं आधी सोपी वाट धरून बघितली. माणूस असाच असतो, सगळं हरवत असतानाही थोडं झाकता आलं तर झाकतो. म्हणाली, "लंबू, एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून ये. वाळलायस तू."

"मी?" लंबू हसला. "आई, तुझी नजर गेली आता. वाळलो असतो तर कपड्यांनी सांगितलं असतं. ही पँट पाच वर्षांपूर्वीची. बघ, आहे कुठं सैल?" त्यानं उभं राहून दोन्ही हात पसरले. "बाबांवर गेलोय मी. आम्हाला काही होत नाही."

सूनबाई ताटाकडं बघत राहिली. मास्तरीणही. लंबूनं भात अर्धा टाकला, पोट भरलं म्हणाला, आणि उठला.

त्याला खरं पटवायचं तर त्याचा बाप त्याच्याकडून काढून घ्यावा लागणार होता, हे तिला कळून चुकलं. आणि बापाबरोबर आईही जाणार होती. सव्वीस वर्षं जपलेली झाकली मूठ उघडायची, तीही पोटच्या पोरासमोर. तो पुन्हा तोंड बघेल की नाही कोण जाणे. पण न बघणारा का होईना, असला तर पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार लावून दोघी बसल्या. घरात असलेल्या लंबूच्या पाचही पँटी. मास्तरणीनं एक ब्लेड स्वतः घेतलं, एक सुनेला दिलं. चपटी गाठ सुटत नाही, ती कापावी लागते. टीप उसवताना करकर आवाज येतो, तो एरवी मास्तरणीला आवडायचा. त्यांनी पाचही पँटी होत्या तशा करून ठेवल्या.

सकाळी आतून हाक आली. "आई!"

लंबू दारात आला तो दोन्ही मुठींनी कमर धरून. सोडली असती तर पँट पायांत आली असती. अंगात शर्ट नव्हता. इतक्या दिवसांत तिनं त्याच्या बरगड्या बघितल्या नव्हत्या.

"हे काय केलंस पँटीला?"

"मी काही केलं नाही. जे केलं होतं ते काढलं." तिनं सुनेकडं बघितलंसुद्धा नाही. "माझीच शिकवण आहे ती. हिला बोलू नकोस."

मग तिनं त्याच्यापुढं करडी पँट ठेवली आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाची मूठ, चार टिपा, कापलेला पट्टा, रविवार. इस्पितळात डॉक्टरनं काय विचारलं, बाप काय म्हणाला आणि तिनं कशी मान हलवली. सांगताना ती रडली नाही, कारण रडली असती तर त्यानं तिला गप्प केलं असतं आणि सांगायचं राहिलं असतं.

लंबू ऐकत उभा होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे बाबा फिट नव्हते."

"नाही."

"आणि तुला माहीत होतं."

"होय रे राजा. मला माहीत होतं."

त्यानं टेबलावरची सेफ्टीपिन उचलली, कमरेपाशी कापड चुरगळून लावली, शर्ट अडकवला, हत्यारांची पिशवी घेतली आणि चहा न घेता निघून गेला. सूनबाई दारापर्यंत मागं धावली. त्यानं वळून बघितलं नाही.

तो दिवस मास्तरणीनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. एका झग्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. पाववालीण येऊन गेली, काय बोलली ते कानात शिरलं नाही. दुपार उतरली. घड्याळात साडेपाच झाले आणि आरशापाशी कुणीतरी खाकरलं.

तिनं मान वर केली नाही. सव्वीस वर्षांची सवय. पायानं मशीन जोरात चालवली.

पुन्हा खाकरल्याचा आवाज आला. मग खूप दमलेल्या आवाजात, "आई, बघ ना जरा. बसलंय का बरोबर?"

आरशापुढं लंबू उभा होता. सेफ्टीपिन काढून हातात घेतलेली, पँट कमरेवरून घसरलेली, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा धरलेली. दिवसभर तो कुठल्या जिन्यावर बसून होता कोण जाणे. त्याच्या तोंडावर तेच होतं जे तिनं त्याच आरशात एकदा पाहिलं होतं आणि पुसून टाकलं होतं.

मास्तरणीनं मशीन थांबवली. गळ्यातला टेप काढला, उठली, त्याच्या कमरेला लावला. नजरेनं कळलं होतं, पण या वेळी तिला आकडा मोठ्यानं म्हणायचा होता.

"नाही रे," ती म्हणाली. "नाही बसलं. साडेतीन इंच सैल आहे." आणि मग आरशाकडं बघून, लंबूच्या खांद्यावरून पलीकडं, "सैल होतं हो. तेव्हाही सैल होतं."

लंबूनं मागं वळून पाहिलं. मागं भिंतच होती. सूनबाई आपल्या मशीनवरून उठून आली. तिघं तसेच, दार उघडं टाकून, कोपऱ्यावरच्या घराकडं चालत गेले. चालत, खांद्यावर नव्हे.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि पुढं मोठ्या इस्पितळात पाठवलं. बापाच्याच जागी, बापाचंच दुखणं. "उशीर झालाय," त्या मास्तरणीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पण फार नाही." पोटाचा तुकडा काढावा लागला. चार महिने लंबू खाटेवर होता आणि कण्हत होता, घराण्यात नसलेली गोष्ट. आईशी तो त्या दिवसांत कामापुरतंच बोलायचा. बापाचं नाव त्यानं काढलं नाही. एकदाच, छताकडं बघत म्हणाला, "बाबांना कळलं होतं का गं?" मास्तरीण म्हणाली, "ठाऊक नाही." तेवढंच.

आता तो लिफ्टच्या कामावर पुन्हा जातो. परवा त्यानं एक पँट आईच्या मशीनवर आणून टाकली. "घट्ट होतेय. जरा सोडून दे." ती सोडताना जुन्या टिपांची भोकं बाहेरच्या अंगाला आली, एका ओळीत, बारीक. मास्तरीण म्हणाली, दिसतील रे, दुसरी शिवते. तो म्हणाला, दिसू देत, आणि ती तशीच घालून गेला.

पाटीखाली आता आणखी एक ओळ रंगवलीय. 'पुरुषांच्या पँटी आत घ्यायच्या असतील तर आधी डॉक्टरची चिठ्ठी आणावी.' गल्ली हसते. डॉक्टरीणबाईही हसल्या, म्हणाल्या, "आता बघ, पुरुषही जगायला लागतील बायकांएवढे."

"लागू देत," मास्तरीण म्हणाली. "बायका मागं उरतात त्या उसवत बसायला उरतात हो."

साडेपाचला मात्र लंबूचे बाबा अजून येतात. आरशापाशी खाकरतात आणि विचारतात. मास्तरीण आता मशीन जोरात चालवत नाही. पाय थांबवते, चष्मा वर करते आणि सांगते, "सैल आहे हो. चला, डॉक्टरकडं जाऊन येऊ." सूनबाईला सवय झालीय, ती आपलं काम करत राहते. आरशापासून काही उत्तर येत नाही. मास्तरीण थोडा वेळ वाट बघते, आणि मग पुन्हा टीप मारायला घेते.